चाकामागचा सांधा

फोर-बाय-फोर गाडीच्या पुढच्या चाकाला दोन कामं एकदम करायची असतात: वळायचं आणि ओढायचं. साधा क्रॉस जॉइंट इथे कमी पडतो. तो 30 अंशांत वाकला, की चाकाचा वेग दर फेऱ्यात दोनदा सुमारे 15 टक्के वाढतो, दोनदा 13 टक्के घटतो. गाडी हिसके देते.

यावर 1926च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्रेग्वार आणि फनाय यांनी ट्रॅक्टा जॉइंट काढला. पाठोपाठ अमेरिकेत आल्फ्रेड झेपांनी सहा गोळ्यांचा. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमध्ये हे दोन्ही वापरले गेले. पुढे टोयोटा लँड क्रूझरच्या अखंड अॅक्सलमध्ये गोळ्यांचाच जॉइंट आला. हौशी मंडळी त्याला 'बर्फील्ड' म्हणतात.

मग त्यांनी मोठे टायर घातले, डिफरन्शियल लॉक केलं. आता बघा: स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, चाक दगडात अडकलेलं, आणि वर अॅक्सलरेटर. गोळे खाचेच्या टोकाशी येतात, भार असमान पडतो, आणि जॉइंटची वाटी फुटते. उपाय निघाला तो क्रोमोली पोलादाचा.

पण जोर कुठे जाणार? जॉइंट टिकला, तर हबचे स्टड किंवा डिफरन्शियलचे दात जातात. म्हणजे तो जुना जॉइंट नकळत फ्यूजचं काम करत होता! म्हणून मजबुती करताना आपण आधी ठरवायचं, की पुढे मोडलंच तर काय मोडावं. जे स्वस्त आहे आणि रानात बदलता येतं, ते.