घरसामान हलवताय? गाडीभाड्यावरचा खर्च आधीच मोजा

वर्धा : मुलांच्या शाळेसाठी, बदलीमुळे किंवा कामधंद्यासाठी गावातून वर्धा, हिंगणघाट, नागपूरला बिऱ्हाड हलवताना बहुतेक जण गाडीवाल्याला एकच विचारतात, "भाडं किती?" पण खरा वांधा होतो तो सामान उतरवताना. हमाली, टोल, थांबण्याचे पैसे असं एकेक निघतं आणि ठरलेल्या भाड्यापेक्षा बरीच जास्त रक्कम हातातून जाते. हे खर्च आधीच विचारून घेतले तर ऐनवेळी उसनवारी करावी लागत नाही.

गाडी कोणती लागेल?
एक पलंग, आलमारी, गॅस आणि भांडी एवढंच असेल तर छोटा हत्ती पुरतो. त्याची क्षमता साधारण पाऊण टन. फ्रिज, दिवाण, कूलर, धान्याची पोती असतील तर पिकअप बघा. दोन फेऱ्यांपेक्षा एक मोठी गाडी बरेचदा स्वस्त पडते. स्वस्तात होतं म्हणून जास्त माल भरू नका. मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडसाठी 20 हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2 हजार रुपये दंड आहे. शिवाय जादा माल तिथंच उतरवावा लागतो.

भाड्यावर काय काय लागतं?
- परतीची फेरी : गाडी रिकामी परत येणार असेल तर तेही भाडं धरलं जातं. सांगितलेला दर एका बाजूचा की दोन्हीचा, हे विचारा.
- टोल : समृद्धी महामार्गावर जेवढं अंतर तेवढा टोल. 1 एप्रिल 2025 पासून हलक्या व्यावसायिक वाहनांना किलोमीटरमागे 3 रुपये 32 पैसे दर झाला, म्हणजे 100 किलोमीटरला 332 रुपये. फास्टॅग नसेल किंवा त्यात पैसे नसतील तर टोल जास्त पडतो. हिंगणघाटहून वडनेरकडे जाताना दारोड्याचा नाका धरा. जाण्यायेण्याचा टोल कोण देणार, ते आधीच ठरवा.
- हमाली : ड्रायव्हर सहसा सामान उचलत नाही. चढवण्याची आणि उतरवण्याची मजुरी वेगवेगळी. दुसरा-तिसरा मजला असेल तर आधीच सांगा.
- थांबणं : किती तास मोफत, पुढं तासाला किती? मुक्काम पडला तर ड्रायव्हरचं जेवण आणि भत्ता.
- ताडपत्री आणि दोर : पावसाळ्यात गाडीवाल्याकडे चांगली ताडपत्री आहे का, ते पाहूनच घ्या.

एक हिशेब
आर्वीहून नागपूरला पिकअपचं भाडं समजा 4,500 रुपये ठरलं. टोल 300, दोन्हीकडची हमाली 1,600, थांबण्याचे 400, दोर-पोती 200, चहा-जेवण 200. एकूण झाले 7,200 रुपये. हे आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, दर गावागावात वेगळे असतात. पण बोलीच्या वर 2,700 रुपये कसे गेले, ते यातून दिसतं.

मागं माणसं बसवू नका
बसभाडं वाचवायला घरची सगळी मंडळी सामानावर बसतात. मालवाहू गाडीच्या विम्यात सामानाचा मालक किंवा त्यानं पाठवलेला माणूस धरला जातो, बाकीचे फुकटचे प्रवासी ठरतात. अपघात झाला तर त्यांच्या भरपाईचा मोठा प्रश्न उभा राहतो. म्हणून बाकीच्यांचं एसटीचं तिकीट खर्चातच धरा. थर्ड पार्टी विमा गाडीतल्या सामानाचं नुकसानही भरून देत नाही. टीव्ही, काचसामान, दागिने आणि कागदपत्रं आपल्यासोबतच ठेवा.

बयाना देण्याआधी
- गाडीची नंबर प्लेट पिवळी आहे का, पाहा. गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाकून विमा आणि फिटनेसची मुदत तपासा.
- तारीख, कुठून कुठे, एकूण भाडं, टोल आणि हमाली कोणाकडे, हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि "हो" असं उत्तर घ्या.
- पूर्ण पैसे आधी देऊ नका. सामान उतरवून मोजल्यावरच उरलेले द्या.
- कापूस बाजारात येण्याच्या दिवसांत गाड्या मालात गुंतलेल्या असतात. जमत असेल तर तारीख पुढं-मागं करा, किंवा आठ-दहा दिवस आधी गाडी सांगून ठेवा.
- शहरातून माल सोडून आपल्या भागात रिकामी येणारी किंवा तिकडं रिकामी जाणारी गाडी मिळते का, तेही विचारा. अशा वेळी भाड्यात घासाघीस करता येते.