जानेवारीतला तिसरा सोमवार

१ फेब्रुवारी १९६८. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात पाऊस कोसळत होता. कचऱ्याच्या गाडीवरचे दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार आडोशासाठी गाडीच्या मागच्या भागात शिरले. कचरा दाबायचे यंत्र अचानक सुरू झाले आणि दोघेही चिरडले गेले. त्याच महिन्यात सुमारे १,३०० सफाई कामगार संपावर गेले. ‘मी माणूस आहे’ एवढेच लिहिलेले फलक घेऊन ते रस्त्यावर उतरले. त्यांना बळ द्यायला कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे नेते मार्टिन ल्यूथर किंग मेम्फिसला आले आणि ४ एप्रिलला तिथेच त्यांची हत्या झाली. किंग यांच्या नावाने जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी अमेरिकेत जी सुट्टी असते, तिचे मूळ शोधू गेले तर ते असे एका संपात सापडते.

हत्येनंतर चारच दिवसांनी खासदार जॉन कॉन्यर्स यांनी सुट्टीचे विधेयक मांडले. ते बासनात गेले. थांबले नाहीत ते कामगार. १९६९ मध्ये जनरल मोटर्सच्या एका कारखान्यात काही जणांनी १५ जानेवारीला, किंग यांच्या जन्मदिवशी, कामाला नकार दिला. न्यूयॉर्कच्या इस्पितळ कामगारांनी ही सुट्टी थेट करारातच घालून घेतली. सुट्टी म्हणजे पगारी सुट्टी, हे त्यांना नेमके कळले होते. हार-तुऱ्यांना कोणाची हरकत नसते. एका दिवसाचा पगार म्हटला की खर्चाचा हिशेब निघतो. संसदेतही विरोधकांनी तोच काढला.

१९७९ मध्ये प्रतिनिधिगृहात विधेयकाला अवघी पाच मते कमी पडली. किंग यांच्या पत्नी कोरेटा यांनी मग लाखो सह्या गोळा करण्याची मोहीम चालवली, गायक स्टीव्ही वंडरने त्यासाठी गाणे केले. १९८३ मध्ये खासदार केटी हॉल यांनी जन्मतारखेऐवजी सोमवार सुचवला आणि गाडी पुढे सरकली. सिनेटर जेसी हेल्म्स यांनी किंग यांना कम्युनिस्टांशी जोडणारे बाड सभागृहात आणले, तरी ७८ विरुद्ध २२ मतांनी विधेयक मंजूर झाले. आधी फारसे राजी नसलेल्या राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी २ नोव्हेंबरला सही केली. पहिली सुट्टी २० जानेवारी १९८६ ची.

पण ही सुट्टी पाळायची की नाही, हे ठरवायला राज्ये मोकळी होती. अ‍ॅरिझोनात मतदारांनी १९९० मध्ये सुट्टी फेटाळली. मग फुटबॉलवाल्यांनी १९९३ चा आपला अंतिम सामना, सुपर बोल, तिथून हलवला आणि १९९२ मध्ये तेच मतदार ‘हो’ म्हणाले. तत्त्वापेक्षा तिकीटबारी लवकर पटते, दुसरे काय!

या दिवशी घरी न बसता लोकांच्या कामाला लागावे, हा कायदा १९९४ चा. तो आणणाऱ्या दोघांपैकी जॉन लुईस हे किंग यांच्या चळवळीत पोलिसांच्या लाठ्या खाल्लेले. दुसरे हॅरिस वॉफर्ड तरुणपणी भारतात येऊन गांधीविचार अभ्यासून गेलेले. खुद्द किंगही १९५९ च्या भारतभेटीत मुंबईत गांधीजींच्या मणिभवनात मुक्कामाला होते.

अलाबामा आणि मिसिसिपी या दोन राज्यांच्या सरकारी कॅलेंडरात मात्र हाच सोमवार गुलामगिरीच्या बाजूने लढलेला सेनापती रॉबर्ट ली याच्याही नावाने आहे.