घराजवळचं गोल्फचं मैदान निवडताना आधी पायवाट बघा



गेल्या हिवाळ्यात आम्ही वाराणसीला होतो. हिचं माहेर दुर्गाघाटावरचं. पेशवाईपासून मराठी घरांनी गजबजलेला तो भाग. तिथे आजही गल्लीत शिरलं की एखाद्या ओट्यावरून अस्सल मराठी कानावर पडतं. हिच्या भाच्याचा मुलगा सातवीत आहे. माझ्या सामानात सात नंबरची आयर्न काठी बघून तो हटूनच बसला. मग त्याला आणि त्याच्या दोस्ताला घेऊन मी नावेने गंगेपलीकडे गेलो. दोस्त म्हणजे आमच्या नाववाल्याचाच मुलगा. पावसाळ्यात तो पलीकडचा काठ पाण्याखाली असतो, आणि पूर ओसरला की कोसभर रेती उघडी पडते. तिथे पोरं क्रिकेट खेळतात. आम्ही दोन खड्डे केले, बांबूच्या काठ्या रोवल्या आणि टेनिसच्या जुन्या चेंडूवर गोल्फ सुरू केला.

तासाभराने पोरगा म्हणाला, "आजोबा, आता खऱ्या मैदानावर जाऊ या. यालापण घेऊन."

"जाऊ या" हा शब्द माझ्या तोंडावर आला होता, पण मी थांबलो. मला कुठल्याही छावणीत ओळखपत्रावर प्रवेश मिळेल. माझ्यासोबत या पोरालाही कदाचित मिळेल. पण नाववाल्याच्या मुलाला? तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. तुमच्यापैकी पुष्कळजण विचारतात, की घराजवळ खेळण्यासारखं चांगलं, सर्वांना खुलं असलेलं गोल्फचं मैदान कसं निवडावं? त्याचं उत्तर द्यायचं तर थोडा इतिहास सांगावा लागेल.

गोल्फ जन्मला तो असल्याच रेतीवर. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र आणि शेतं यांच्यामध्ये वाळूचा पट्टा असतो. त्याला तिथे 'लिंक्स' म्हणतात. तिथे पीक येत नाही, घर बांधता येत नाही, म्हणून ती गावाची सामायिक जमीन. मेंढ्या चरायच्या, बायका कपडे वाळत घालायच्या, तरुण धनुर्विद्येचा सराव करायचे आणि उरलेल्या वेळात काठीने चेंडू मारायचे. चेंडू मारणं इतकं वाढलं, की १४५७ मध्ये राजा दुसऱ्या जेम्सने गोल्फ आणि फुटबॉल या दोन्ही खेळांवर बंदी घातली, कारण लोक नेमबाजी विसरायला लागले होते. मी तोफखान्यातला माणूस, म्हणून पुढचा भाग मला विसरता येत नाही. ह्या राजाला तोफांचा फार नाद. १४६० मध्ये रॉक्सबर्गच्या वेढ्यात त्याच्या शेजारचीच एक तोफ फुटली आणि तो त्यात गेला. बंदी कागदावर राहिली, खेळ मात्र चालूच राहिला.

सेंट अँड्र्यूज गावाची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. १५५२ मध्ये तिथल्या आर्चबिशपला गावाच्या वाळूवर ससे पाळायचे होते. त्याला परवानगी मिळाली, पण त्याच दस्तऐवजात गावकऱ्यांचा तिथे गोल्फ खेळण्याचा हक्कही मान्य झाला. पुढे गाव कर्जात बुडालं आणि १७९७ मध्ये जमीन हातची गेली. ससे पाळणारे आणि खेळणारे यांच्यात कित्येक वर्षं भांडणं, कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी १८९४ मध्ये संसदेकडून कायदा करून घेऊन गावाने आपली जमीन परत मिळवली. जगातलं सगळ्यांत नामांकित गोल्फ मैदान आज सार्वजनिक आहे. बाहेरचा माणूस सोडतीत नाव घालून खेळू शकतो आणि गावकऱ्याला वर्षभराचा पास स्वस्तात मिळतो.

त्या मैदानाच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, रविवारी ते खेळासाठी बंद असतं. त्या दिवशी लोक कुत्रे घेऊन, डबे घेऊन हिरवळीवर फिरायला येतात. दुसरी, पहिल्या आणि अठराव्या होलच्या फेअरवेमधून एक सार्वजनिक रस्ता आडवा जातो. समुद्राकडे निघालेली बाई तिथून चालली असेल, तर खेळाडू काठी खाली ठेवून थांबतो. ती पुढे गेली की मगच फटका. हक्क आधी वाटसरूचा, मग खेळाडूचा.

हाच खेळ हिंदुस्थानात आला तो मात्र कुंपण घेऊन. १८२९ मध्ये कलकत्त्याजवळ दमदमला गोल्फ क्लब निघाला. ब्रिटिश बेटांबाहेरचा हा सगळ्यांत जुना क्लब, आजचा रॉयल कलकत्ता. दमदम म्हणजे त्या काळी बंगाल तोफखान्याचं मुख्य ठाणं. १८४२ मध्ये मुंबईत क्लब झाला, १८७६ मध्ये बंगळूरला. गावाच्या सामायिक वाळूवरचा खेळ इथे साहेबाच्या राखीव हिरवळीवरचा खेळ झाला. देशी माणूस आत यायचा तो पिशवी उचलायला किंवा गवत कापायला. मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन यांच्या नावाचा क्लब पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस निघाला, तो गोऱ्यांबरोबर हिंदी लोकांनाही सभासद करून घेण्यासाठी. एवढ्याशा गोष्टीसाठी वेगळा क्लब काढावा लागला, यातच सगळं आलं.

साहेब गेला. छावण्या आमच्या झाल्या, मैदानंही आमची झाली. लष्करात मी गोल्फ शिकलो तो 'ब्राउन'वर. जिथे पाण्याची चणचण असते तिथे होलभोवती हिरवळ ठेवत नाहीत. तेल मिसळलेली वाळू दाबून गुळगुळीत करतात आणि आपला चेंडू मारून झाला की पावलांच्या खुणा फळीने पुसून पुढच्याला जागा देतात. साधं, कमी खर्चाचं आणि आपल्या हवेला मानवणारं. पण कुंपण तेच राहिलं.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. ऐन तिशीत एका लहान छावणीत नेहमीच्या कामाशिवाय मैदानाची देखरेख माझ्याकडे होती. पलीकडच्या वस्तीतून रस्त्याकडे जाणारी एक पायवाट तीन फेअरवे ओलांडून जायची. एक दिवस शाळेला निघालेल्या मुलाच्या खांद्याला चेंडू लागला. नशिबाने थोडक्यात निभावलं. मी अहवाल लिहिला आणि आठवड्याभरात काटेरी तार ओढून पायवाट बंद केली. कागद माझ्या सहीचा होता. सुरक्षिततेचं कारण खरं होतं, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. दुसऱ्या दिवशी गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी तारेपाशी आली, थोडी थांबली आणि लांबच्या वाटेने निघाली. शाळेची मुलंही त्याच वाटेने जायला लागली. मला तेव्हा काहीच वाटलं नाही. पुष्कळ वर्षांनी सेंट अँड्र्यूजच्या त्या आडव्या रस्त्याबद्दल वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसलो. सकाळच्या दोन तासांपुरता एक माणूस आणि एक शिट्टी, एवढ्यात काम झालं असतं. खेळणाऱ्यांनी थांबायचं, चालणाऱ्यांनी जायचं. ते मला सुचलं नाही, कारण जमीन आपली आहे असं मी धरून चाललो होतो.

जमीन कोणाची हा प्रश्न पुढे सरकारदरबारीही आला. २०११ मध्ये संसदेपुढे आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने लष्करी जमिनीवरच्या गोल्फ मैदानांवर बोट ठेवलं. ही जमीन ८ हजार एकरांच्या घरात होती. काही मैदानांना 'पर्यावरण उद्यान आणि प्रशिक्षण क्षेत्र' असं नावही दिलेलं होतं. झाडी राहते, पक्षी येतात हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, त्यामुळे ते नाव अगदी पोकळ म्हणवत नाही. पण झाडी राखली म्हणून मैदान लोकांचं होत नाही.

कुंपण असूनही खालच्या दाराने आत आलेल्यांनीच या खेळाचं देशात नाव केलं. दिल्लीच्या मैदानावर कॅडीचं काम केलेल्या अली शेरने १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. एस. एस. पी. चौरसिया हा रॉयल कलकत्त्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्याचा मुलगा. त्याने २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं तीच स्पर्धा जिंकली. दार थोडं किलकिलं होतं तेव्हा एवढं झालं. सताड उघडं असतं तर किती झालं असतं, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

दार उघडायला आपल्याकडे उशीर झाला. दिल्ली विकास प्राधिकरणाने लाडो सराय इथे कुतुबमिनारच्या परिसरात २००० मध्ये मैदान खुलं केलं. देशातलं पहिलं सार्वजनिक गोल्फ मैदान अशी त्याची ओळख आहे. महाराष्ट्रात सिडकोने नवी मुंबईत खारघरला, पांडवकड्याच्या डोंगराखाली, पैसे भरून कोणालाही खेळता येईल असं मैदान केलं. नाशिककरांना तर वेगळंच उदाहरण माहीत आहे. तिथलं गोल्फ क्लब मैदान आज हुतात्मा अनंत कान्हेरे यांच्या नावाने ओळखलं जातं. देवळालीत असताना मी तिथे रणजीचा सामनाही पाहिलाय. पहाटे शेकडो लोक चालायला येतात आणि अजून "गोल्फ क्लबवर भेटू" असंच म्हणतात. गोल्फ गेला, पण मैदान लोकांना मिळालं.

आता निवड कशी करायची ते सांगतो. पहिलं, फाटकावर नीट विचारा. सभासद नसलेल्याला दिवसाचं शुल्क भरून खेळता येतं का? पाहुणा म्हणून सभासदासोबतच यावं लागतं का? नवशिक्याला हँडिकॅपचा दाखला मागतात का? उत्तर गुळमुळीत आलं तर ते सार्वजनिक नाही, असं समजा.

दुसरं, अठरा होलांचा हट्ट धरू नका. सेंट अँड्र्यूजलाच १७६४ पर्यंत बावीस होलांची फेरी होती. पहिली ओपन स्पर्धा १८६० मध्ये प्रेस्टविकला झाली, ती बारा होलांच्या मैदानावर. घरापासून अर्ध्या तासावरचं नऊ होलांचं मैदान हे तीन तासांवरच्या अठरा होलांपेक्षा केव्हाही चांगलं, कारण तिथे तुम्ही दर आठवड्याला जाल.

तिसरं, पाणी कुठून येतं ते विचारा. सांडपाणी शुद्ध करून वापरत असतील तर उत्तम. भर उन्हाळ्यात सगळं हिरवंगार आणि शेजारच्या वस्तीत टँकरची रांग असेल, तर विचार करा. ब्राउन असतील तर नाक मुरडू नका.

चौथं, कॅडींशी बोला. फेरीचे किती मिळतात, चेंडू लागला तर दवाखान्याचं कोण बघतं, सुट्टीच्या दिवशी त्यांना खेळू देतात का? शेवटच्या प्रश्नाला "हो" आलं, तर ते मैदान चांगलं समजा.

पाचवं, आणि माझ्या लेखी सगळ्यांत मोठं, आजूबाजूच्या वस्तीची पायवाट बघा. ती चालू असेल आणि खेळणारे माणूस जाईपर्यंत थांबत असतील, तर डोळे मिटून तिथे जा.

वाराणसीचं म्हणाल, तर तिथे रेल्वे इंजिनांच्या कारखान्याच्या वसाहतीत गोल्फचं मैदान आहे. १९६१ मध्ये सुरू झालेल्या या कारखान्यातून जानेवारी १९६४ मध्ये पहिलं डिझेल इंजिन बाहेर पडलं. २०२० मध्ये नाव बदललं, पण बनारसी माणसाच्या तोंडी अजून 'डीएलडब्ल्यू'च आहे. मैदान कारखान्याचं, तेव्हा बाहेरच्याने आधी चौकशी करूनच जावं. छावणीतल्या जागा लष्कराच्या. दिल्लीच्या कुतुबसारखं फाटक मला बनारसमध्ये दिसलं नाही.

म्हणून त्या दिवशी पोराला मी खरं ते सांगितलं. म्हटलं, "तुला नेता येईल. याला नेता येईल की नाही, ते आधी विचारावं लागेल."

तो म्हणाला, "मग इथेच खेळू. विचारून झालं की जाऊ."

बनारसी लोकांचा एक जुना रिवाज आहे, 'बहरी अलंग'. गावाच्या गर्दीतून उठायचं, मोकळ्या जागी जायचं, आंघोळ, कसरत, खाणंपिणं करायचं आणि संध्याकाळी परतायचं. तिथे सभासदत्व नसतं. आम्ही महिनाभर रेतीवरच खेळलो. रामनगरकडे निघालेली माणसं मधून जायची, तेव्हा दोघं पोरं आपणहून थांबायची. मी त्यांना ते शिकवलं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी ती आयर्न त्यांच्याकडे ठेवली. काठी एक, खेळणारे दोन, आणि ठेवायची नावेत, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं. आमची चौकशी अजून चालू आहे. तुमच्या गावात असं खुलं मैदान असेल, मग ते इंदूरला असो, बेळगावला असो की नागपूरला, तर मला जरूर कळवा. आणि जवळच्या मैदानाच्या फाटकावर जाऊन एकदा तरी विचारा, की पैसे भरले तर बाहेरच्या कोणालाही आत येता येतं का. पुष्कळ ठिकाणी हे कोणी विचारलेलंच नसतं.

जय हिंद.