फेनिल आणि दुष्फेन : लांब केस, जड पाणी आणि साबणाचा इतिहास

१/ शालेय विज्ञानात पाण्याचे दोन प्रकार शिकवले जातात. साबणाचा फेस सहज होतो ते सुफेन आणि होत नाही ते दुष्फेन. या व्याख्येत पाण्याची पारख साबण करतो. परंतु साबण घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून दख्खनच्या स्त्रिया कमरेखाली पोहोचणारे केस याच ‘दुष्फेन’ पाण्याने धूत आल्या होत्या. ते त्यांना कसे साधले, याचा हा धागा.

२/ प्रथम पाण्याविषयी. दख्खनचे पठार बेसॉल्टचे. पावसाचे पाणी या खडकाच्या भेगांतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेते व विहिरीत उतरते. लोकभाषेत हे ‘जड पाणी’. त्याची परीक्षा चुलीवर होत असे. ज्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, तिचे पाणी जड.

३/ अशा पाण्यात साबणाचे काय होते? साबण म्हणजे मेदाम्लांचा सोडियम किंवा पोटॅशियम क्षार. पाण्यातील कॅल्शियम त्या सोडियमची जागा घेतो आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या आतल्या बाजूस बसणारी राखाडी रेघ ती हीच. हा साका केसांवर बसला की केस राठ व निस्तेज होतात, कंगवा अडतो.

४/ लांब केसांना याचा त्रास अधिक, आणि त्याचे कारण साध्या हिशेबात आहे. केस महिन्याला सुमारे सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ९० सेंटिमीटर लांब केसाचे टोक साधारण ६ वर्षांचे असते. आठवड्यातून एकदा न्हाणे धरले, तरी त्या टोकावरून ३०० हून अधिक वेळा पाणी गेलेले असते. प्रत्येक वेळी थोडा थर राहिला, तर सर्वाधिक झीज टोकालाच सोसावी लागते.

५/ आता रिठा आणि शिकेकाई. संस्कृतात रिठ्याला ‘अरिष्टक’ म्हणतात, तसेच ‘फेनिल’ असेही म्हणतात. त्याच्या फळात आणि शिकेकाईच्या शेंगेत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. त्यांच्या रेणूंना शर्करेच्या साखळ्या जोडलेल्या असल्याने कॅल्शियमच्या सहवासातही त्यांचा साबणासारखा साका होत नाही. शिवाय शिकेकाईचे पाणी किंचित आम्लधर्मी, तर साबण अल्कधर्मी. अल्काने केसाचे बाह्य खवले उघडतात. सौम्य आम्लात ते मिटून राहतात.

६/ मात्र या पद्धतीचे केवळ गोडवे गाणे अन्यायाचे ठरेल. शेंगा कुटायच्या, रात्रभर भिजवायच्या, उकळून गाळायच्या. आडातून पाणी शेंदायचे, चुलीवर तापवायचे. शिकेकाई डोळ्यांत गेली की झोंबते, आणि लांब केस एकटीने धुणे कठीणच. न्हाणे हे अर्ध्या दिवसाचे काम होते. ते कष्ट घरातल्या स्त्रियांचेच होते, म्हणून त्यांची नोंद बखरींत किंवा दप्तरांत शोधून सापडत नाही.

७/ याच काळात इंग्लंडकडे पाहू. लंडनच्या परिसरात चुनखडीचा खडू पसरलेला आहे, त्यामुळे पाणी दुष्फेन. तेथे साबण रुळलेला होता आणि अडचणही त्याच्यासोबत आलेली होती. उपाय म्हणून छपरावरून उतरणारे पावसाचे पाणी पिंपात साठवून धुण्यासाठी वापरत. केसांवरील साका काढण्यासाठी व्हिनेगर किंवा लिंबाच्या पाण्याचा हात फिरवत. आम्लाने तो साका फुटतो.

८/ १८४१ मध्ये अ‍ॅबर्डीन येथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी चुन्याच्या निवळीने पाणी सुफेन करण्याच्या प्रक्रियेचे एकस्व घेतले. पाण्याची दुष्फेनता मोजण्याची त्यांची रीतही प्रसिद्ध झाली. टिकाऊ फेस येण्यासाठी साबणाचे किती द्रावण लागते, ते पाहायचे. १८५० मध्ये ब्रिटनच्या आरोग्य मंडळाने लंडनसाठी सुफेन पाण्याची शिफारस केली, तेव्हा साबणाची बचत हा एक मुद्दा होता. आपल्या पाठ्यपुस्तकातील व्याख्या याच परंपरेतील आहे.

९/ ‘शॅम्पू’ हा शब्द मात्र इंग्लंडात गेला तो आपल्याकडून. त्याचे मूळ हिंदीतील ‘चाँपना’, म्हणजे दाबणे. आपली ‘चंपी’ त्याच कुळातली. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी ब्रायटन येथे स्नानगृह उघडून तो लोकप्रिय केला. तेव्हा त्याचा अर्थ अंगमर्दन असा होता. केस धुणे हा अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिकटला.

१०/ साबणाच्या साक्यावर खरा तोडगा निघाला तो १९३० च्या दशकात. जर्मनीत मेद-अल्कोहोलांपासून सल्फेट वर्गातील नवी प्रक्षालके तयार झाली. १९३२ मध्ये ‘फेवा’ ही पूड बाजारात आली. अमेरिकेत १९३४ मध्ये ‘ड्रीन’ हा साबणविरहित शॅम्पू आला. यांचा दुष्फेन पाण्यातही साका होत नव्हता. रिठा हे काम शतकानुशतके करत होता. कारखान्याने ते स्वस्त आणि झटपट केले.

११/ आज याचा उपयोग काय? ‘शिकेकाई साबण’ नाव काहीही सांगो, तो मुळात साबण असेल तर जड पाण्यात साबणासारखाच वागतो. शिकेकाईची पूड ही वेगळी वस्तू. शॅम्पूने साका टळतो, पण बोअरवेलच्या पाण्यातील कॅल्शियम केसांना चिकटतोच. म्हणून शेवटचा तांब्या साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा किंवा भरपूर पाण्यात थोडे लिंबू पिळून घेतला, तर लांब केसांना त्याचा लाभ होतो.

१२/ ‘केसांना साबण लावू नकोस’ हे आजीचे वाक्य आपण जुनाट समजून सोडून देतो. तिला मेदाम्ल ठाऊक नव्हते. आपल्या विहिरीचे पाणी आणि आपल्या लेकीसुनांचे केस मात्र ठाऊक होते. तेही निरीक्षणातून आलेले ज्ञानच. आपल्या गावात डाळीसाठी कोणत्या विहिरीचे आणि न्हाण्यासाठी कोणत्या विहिरीचे पाणी आणत, हे घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांना अवश्य विचारा आणि लिहून ठेवा. हा इतिहास दप्तरात मिळणार नाही.