घराचा पैरा

होळी झाली, सुगी आटोपली, की करवीर, कागल, पन्हाळा या तालुक्यांतल्या कुठल्या ना कुठल्या गावात मोकळ्या जागेवर मातीचा ढीग पडायचा. ही पांढरीची माती. जुन्या गावठाणातली, कधीकाळी कुणाच्या तरी भिंतीत असलेली आणि आता दुसऱ्याच्या भिंतीत जायला निघालेली. ढिगाला आळं करून पाणी सोडायचं, भुसा मिसळायचा आणि रात्रभर मुरू द्यायचं. पहाटे चिखल तुडवायला माणसं हजर असत. कुणी चुलतभाऊ, कुणी मेहुणा, कुणी बांधाला बांध लागलेला शेतकरी. मजुरी कुणाचीच ठरलेली नसे. मृग निघायच्या आत छप्पर चढलं पाहिजे, एवढाच करार, आणि तोही तोंडी.

या कराराला कोल्हापूरकडे ‘पैरा’ म्हणतात. त्याचं मूळ ठिकाण शेत. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी या पावसाळी पट्ट्यात भाताची रोपलावण चार-सहा दिवसांत उरकावी लागते आणि एका घराच्या हातांनी ती उरकत नाही. म्हणून आज सगळे एकाच्या वाफ्यात, उद्या दुसऱ्याच्या. इतरत्र हीच रीत सावड, इर्जिक अशा नावांनी चालते. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात ती पडकई होते आणि तिच्यातून भातखाचरं तयार होतात. हिशेब कागदावर नसला तरी चोख असतो. ज्याच्या घरून दोन माणसं आली त्याच्याकडे दोन गेलीच पाहिजेत.

शेतातला पैरा त्याच हंगामात फिटतो. घराचा तसा फिटत नाही. माणूस जन्मात घर बांधणार एकदा, फार तर दोनदा. आज चिखल तुडवायला आलेल्या चुलतभावाचं स्वतःचं घर वीस वर्षांनी उभं राहील, तेव्हा हा पैरा फेडायचा. तोवर आपण थकलो तर पोरानं फेडायचा. इतक्या लांब मुदतीची उधारी कुणाला द्यावी? जो गाव सोडून जाणार नाही आणि लग्नाकार्यात, मयतीत, देवाच्या पालखीला ज्याला तोंड दाखवावंच लागणार, त्याला. म्हणजे भावकीला आणि सोयऱ्यांना. नातेवाइकांच्या मदतीनं घर बांधण्याची रीत प्रेमावर जितकी उभी होती, तितकीच या पतीवरही. गेल्या दीडशे वर्षांत ती पत कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेली, हाच कोल्हापूरच्या साध्या घराचा इतिहास आहे.

घराचा नमुना ठरलेला होता. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर मातीच्या भेंड्यांची जाड भिंत, पुढे सोपा, आत माजघर आणि स्वयंपाकघर, मागे परडं. गुरं बहुधा एकाच छपराखाली. पश्चिमेकडे जांभा मिळे तिथे भिंत जांभ्याची. ज्याला तेवढंही जमत नसे त्याच्या भिंती कुडाच्या आणि छप्पर गवताचं. असं छप्पर पुन्हा पुन्हा शाकारावं लागे, त्यामुळे तिथला पैरा कधी संपतच नसे.

या कामाचा मोठा वाटा बायकांचा. भिंतीला लागणारं पाणी आडावरून किंवा नदीवरून डोक्यावर यायचं. चिखलाच्या पाट्या उचलायच्या, भिंत वाळली की गिलावा करायचा, पोतारायचं, जमीन चोपून शेणानं सारवायची आणि वर दिवसभर राबणाऱ्या सगळ्यांना भाकरी घालायच्या. सासरच्या भावकीतल्या जावा-नणंदा यायच्या, तशा माहेरहूनही भावजया यायच्या. गावकी बोलताना मात्र घर ‘अमक्यानं बांधलं’ असंच म्हणे.

लाकूडकामाला पैरा पुरत नसे. तिथे सुतार लागे आणि तो बलुतेदार. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ या १९१५ च्या ग्रंथात बलुत्याच्या व्यवहाराचं बारकाईनं वर्णन केलं आहे. शेतीची अवजारं करणं-दुरुस्त करणं हे सुताराचं बांधील काम, त्याबदल्यात खळ्यावर धान्य. घराची चौकट, खांब, तुळया हे मात्र वेगळं काम, त्याचा मोबदला वेगळा. दाराची चौकट उभी राहिली की पूजा व्हायची आणि सुताराचा मान व्हायचा.

लाकूड आणायचं कुठून, हा प्रश्न त्याहून जुना. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या कारकिर्दीत रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या लाकडाविषयी सांगताना एक इशारा दिलेला आहे. रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली आंबा-फणसाची झाडं तिच्या मर्जीशिवाय तोडू नयेत. झाड जुनं झालं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडावं. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला हा मजकूर आहे. बांधावरचं झाड ही शेतकऱ्याची ठेव होती. आजोबानं लावलेल्या फणसाचा खांब नातवाच्या घरात उभा राहायचा, तेव्हा तो आजोबाही त्या पैऱ्यात सामील असायचा.

पण चित्र एवढं गोड नव्हतं. पैऱ्यात परतफेड होती, वेठीत नव्हती. वतनाच्या नावाखाली महारांना सरकारी आणि गावकीची कामं करावी लागत. निरोप पोचवणं, सामान वाहणं, सरपण पुरवणं, पडेल ते ओझं उचलणं हे सगळं त्यात आलं. त्यांनी दुसऱ्यासाठी वाहिलेल्या ओझ्याची फेड म्हणून कुणी महारवाड्यात चिखल तुडवायला गेलं नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतनं खालसा करून त्या जमिनी रयतावा केल्या. त्याच वर्षी बलुतेदारीची सक्ती संपवली. मार्च १९२० मध्ये माणगावला डॉ. आंबेडकर आणि शाहू महाराज यांच्या उपस्थितीत अस्पृश्यांची परिषद झाली आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, मे १९२० मध्ये, संस्थानात वेठबिगार बंद करण्याचा हुकूम निघाला. सुताराला रोख मजुरी मागण्याची आणि महाराला नाही म्हणण्याची कायदेशीर मुभा मिळाली. घर बांधणाऱ्याच्या दृष्टीनं पाहिलं, तर फुकटात मिळणारे हात इथून कमी होऊ लागले. ते व्हायलाच हवं होतं.

रोख पैशाची गरज त्याआधीच शिरली होती. १८९१ साली मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि दूरचा जड माल शहराच्या दारात येणं सोपं झालं. त्यात पुढे घरांचं रूपच बदलून टाकणारी वस्तू होती मंगळुरी कौल. बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी १८६५ साली मंगळुरात या कौलांचा कारखाना काढला होता. गावच्या कुंभाराचं नळीचं कौल दर पावसाळ्याआधी परतावं लागे. माकडं चढली, वारा आला, की ते सरकायचं. मंगळुरी कौल खाचेत खाच अडकून बसे आणि कमी वाशांवर भागे. पण ते पैऱ्यात मिळत नव्हतं, त्याला रुपये मोजावे लागत. १८९५ साली शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली. त्या बाजारपेठेत शेतकऱ्याच्या हातात गुळाचे रुपये पडू लागले आणि त्यातलेच काही कौलांच्या रूपानं घरावर चढले.

पुढे रुपये आणखी लांबून आले. आजरा, चंदगड, गडहिंग्लज, भुदरगड इथली माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली. लालबाग-परळला गावाच्या मंडळाच्या एकेका खोलीत दाटीवाटीनं राहून त्यांनी मनिऑर्डरी धाडल्या. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावात लष्कराचा पगार आणि पेन्शन आली. घर आता दोन भावांत मिळून होऊ लागलं. एक मुंबईत किंवा पलटणीत राहून पैसे पाठवणार, दुसरा गावात उभं राहून काम करून घेणार. पैशाची किंमत जास्त की उन्हात उभं राहण्याची, हा वाद पुढच्या वाटणीत हमखास निघायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, मनिऑर्डरी आटल्या आणि जोत्यापर्यंत आलेली कितीतरी बांधकामं तिथेच थांबली.

गावात राहिलेल्यांना सहकारानं हात दिला. पन्नाशीच्या दशकापासून साखर कारखाने उभे राहिले. १९६३ साली जिल्हा दूध संघ, म्हणजे आपला ‘गोकुळ’, स्थापन झाला. उसाचं बिल वर्षाकाठी येतं, दुधाचं दर दहा दिवसांनी. घर बांधणाऱ्याला दोन्ही उपयोगाची. उसाच्या बिलात पाया आणि भिंती, दुधाच्या बिलात गवंड्याची आठवड्याची मजुरी. पंचगंगेच्या काठी वीटभट्ट्या पेटल्या, पांढरीच्या मातीचं काम भाजक्या विटेनं घेतलं आणि मग आलं सिमेंट.

तरीही नातेवाईक सुटले नाहीत. कारण कागदाचं. शेताला सातबारा असतो. गावठाणातल्या घराला बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायतीच्या नमुना आठशिवाय काही नसायचं. तो कर आकारणीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. त्यावर बँक घरासाठी कर्ज देईना. मग पैसा कुठून? मेहुण्याकडून हातउसने, बहिणीच्या पाटल्या सराफाकडे गहाण, पेठेतल्या भिशीचा पहिला नंबर समजुतीनं आपल्याकडे, सोसायटीचं पीककर्ज गुपचूप विटांकडे. चिखलाच्या पैऱ्याची जागा रुपयांच्या पैऱ्यानं घेतली, पण जामीन तोच राहिला: नातं. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजून मिळकत पत्रिका द्यायचं ठरलं, तेव्हा घरावर कर्ज मिळावं हा तिचा एक जाहीर हेतू होता. दीडशे वर्षं मेहुणे जे करत होते, ते बँकेनं करावं यासाठीची ही खटपट.

नात्यावर उभं राहिलेलं घर नात्यावरच फुटतं, याचा पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ इथे किंवा कुठल्याही मोठ्या गावाच्या मधल्या गल्लीत लांबट, बोळासारखी घरं दिसतात. एका सोप्याचे तीन उभे तुकडे झालेले, प्रत्येकाचं दार वेगळं, मधली भिंत सामाईक. ती पडायला आली तरी दुरुस्त होत नाही, कारण खर्च कुणी करायचा हे ठरत नाही. कागलच्या आनंद यादव यांनी आपल्या आत्मचरित्राच्या एका खंडाला ‘घरभिंती’ हे नाव दिलं. थोरल्या भावानं सगळ्या घराचा भार उचलणं म्हणजे काय, हे कोल्हापूरकडच्या वाचकाला त्या नावावरूनच उमगलं असणार.

बहिणींचा हिशेब सगळ्यात उशिरा मांडला गेला. घर बांधताना त्या राबल्या, वास्तुशांतीला आहेर घेऊन आल्या, दागिने दिले, पण वाटणीत नाव नसायचं. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलार्जित एकत्र मिळकतीत मुलांच्या बरोबरीनं हक्क दिला. केंद्राचा कायदा त्यानंतर, २००५ साली आला. तेव्हापासून घर पाडून नवं बांधायचं म्हटलं, की पहिलं काम असतं बहिणींकडून हक्कसोड पत्र घेण्याचं. बऱ्याच बहिणी सही देतात. माहेर तुटू नये म्हणून देतात. मिळकतीतला हक्क सोडून माहेरच्या सोप्यात बसायचा हक्क राखण्याचा हा सौदा आहे आणि तो बरोबरीचा नाही.

पंचगंगेनं या सगळ्याची परीक्षा वारंवार घेतली. प्रयाग चिखली हे संगमावरचं गाव. १९८९ च्या महापुरानंतर तिथल्या आणि आंबेवाडीच्या लोकांसाठी उंचावर सोनतळीला जागा देण्यात आल्या. पण शेत, गोठा आणि भावकी खाली, म्हणून जुनी घरंही सुटली नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. मातीच्या भिंती पाण्यात दिवसेंदिवस उभ्या राहिल्या आणि पूर ओसरल्यावर बसल्या. छावण्या निघाल्या, पण कितीतरी कुटुंबं गुरांसकट पाहुण्यांच्या गावी गेली. गाळ उपसायला तेच पाहुणे ट्रॅक्टर घेऊन आले. पैरा कागदावर नव्हता, म्हणून पुरात वाहूनही गेला नाही.

आज स्लॅब टाकायचा म्हणजे मिक्सर येतो, ठेकेदाराची टोळी येते. सकाळी सुरू झालेलं काम अंधार पडेपर्यंत आटोपतं. पै-पाहुणे तरीही जमतात. काम नसतंच फारसं. कुणी पाण्याची मोटर बघतो, कुणी सिमेंटची पोती मोजतो आणि दुपारी टोळीसह सगळ्यांना जेवण. गरिबाच्या घरकुलात मात्र हातांची गरज अजून खरी आहे. २०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण आवास योजनेत सपाट भागासाठी किमान २५ चौरस मीटर घराला १ लाख २० हजार रुपये अनुदान ठरलं. शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची अकुशल मजुरी. म्हणजे घरच्या माणसाच्या श्रमाला सरकारनं हजेरीपटावर घेतलं. त्या ९० दिवसांच्या आणि त्या रकमेच्या पलीकडे जे उरतं, ते अजूनही भावकीच भरून काढते.

या व्यवहाराचा एकच लेखी पुरावा घरोघर शिल्लक आहे: वास्तुशांतीच्या आहेराची वही. कुणी किती दिलं, धान्य दिलं की भांडं, चौकट कुणी दिली, पत्रे कुणी आणले, हे त्यात टाचलेलं असतं. फेडायचं म्हणूनच ते लिहिलेलं असतं. जुनं घर उतरवताना या वह्या पहिल्यांदा रद्दीत जातात. आपल्या घरातली वही सापडली तर ती ठेवावी. नसेलच, तर चिखल तुडवलेलं माणूस घरात अजून असेपर्यंत त्याच्याकडून नावं विचारून लिहून घ्यावीत. पाटी उचलणाऱ्या बायकांची नावं आधी.