कुतच्या वेढ्यातली थाळी

एस्प्लनेडला बस बदलायची म्हणजे शहीद मिनार चुकत नाही. १८२८ साली तो उभा राहिला नेपाळची लढाई जिंकणाऱ्या जनरल ऑक्टरलोनीच्या नावाने. १९६९ साली तो स्वातंत्र्यलढ्यातल्या हुतात्म्यांचा झाला. जनरलबरोबर डोंगर चढलेले शिपाई मात्र आधीच्या नावात नव्हते, आताच्याही नाहीत. (त्यातून या शहरात मराठी शिपाई म्हटले की अजून बर्गीच आठवतात. त्यांच्या धास्तीने १७४२ मध्ये इथे खंदक खणायला घेतला होता. शेजारी हसत हसत मला तो ऐकवतात.)

माझे पणजोबा ११७ व्या मराठा पलटणीत होते, मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात सापडले. घरात ना पत्र, ना फोटो. एकच वाक्य उरले आहे: 'तिकडे उपाशी राहिले, पण घोडा खाल्ला नाही.' लहानपणी मला ती शौर्यकथा वाटे.

इतिहासाची पुस्तके वेढ्याचा हिशेब चोख देतात. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. जनरल टाउनशेंडची पुणे डिव्हिजन, तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी, शेवटी सुमारे तेरा हजार कैदी. धान्य आटले तेव्हा घोडे आणि खेचरे कापू लागले. बहुतेक हिंदी शिपायांनी ते मांस नाकारले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली, तीही आली. तरी एप्रिलपर्यंत बरेच जण तयार नव्हते. तोवर स्कर्व्हीने माणसे पडत होती.

'नाकारले' या शब्दापाशी मी कधी थांबलो नव्हतो. थांबलो ते मुल्कराज आनंदांची 'अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स' वाचल्यावर. इथल्याच फुटपाथवरून जुनी प्रत घेतली होती. तिच्यातला लालू पंजाबचा शेतकरी, लढतो फ्लँडर्सला. कुतशी त्याचा संबंध नाही. आनंद स्वतः त्या आघाडीवर नव्हते, १९१४ मध्ये ते लहान मूल होते. वडील डोग्रा पलटणीत. पुरावा म्हणून कादंबरीचा उपयोग शून्य. पण लालूचे मन खंदकातही घरच्या गेलेल्या जमिनीभोवती फिरत राहते, आणि तिथे मला पणजोबांची थाळी दिसली. तिच्याभोवती सगळा गाव बसलेला. खाल्ले तर पंक्तीला कोण घेईल? मुलींची लग्ने कशी जमतील? कुतच्या हकिकतींत ही भीती नोंदलेली आहे. मी ती वाचून पुढे गेलो होतो.

मग साक्षीदार शोधला, तो बंगालीत मिळाला. शिशिर सर्वाधिकारी बंगाल अँब्युलन्स कोअरमध्ये होते, कुतला कैद झाले. डायरीची पाने फाडून त्यांनी बुटांत लपवली. तिच्या आधारे पुढे 'अभि ले बगदाद' निघाले. ते वाचायला मी बंगाली नीट शिकलो, उशिरा का होईना.

गेल्या दिवाळीत आत्याला विचारले, खरेच खाल्ला नाही?

ती म्हणाली, "आजोबांना त्यांच्या आईनं उंबऱ्यातच विचारलं होतं म्हणे. ते म्हणाले, नाही. उंबऱ्यात उभा राहून माणूस दुसरं काय म्हणणार रे?"