हरणाऱ्या निवडणुकीत पैसा कुठे घालायचा?

हरणार हे माहीत असताना निवडणूक का लढवता, असा प्रश्न आंबेडकरी कार्यकर्त्याला दर निवडणुकीत विचारला जातो. मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. पराभव समोर दिसत असताना समाजाने दिलेला पैसा कशावर खर्च करायचा? १९८४ ते १९८९ या पाच वर्षांत मान्यवर कांशीराम साहेबांनी याचे उत्तर देऊन ठेवले आहे.

१४ एप्रिल १९८४ रोजी बहुजन समाज पक्ष स्थापन झाला. पक्षामागे कोणी उद्योगपती नव्हता. १९७८ पासून बामसेफमध्ये जोडलेले नोकरदार होते आणि १९८१ पासून डीएस-४ च्या माध्यमातून सायकलवर गावोगाव फिरणारे कार्यकर्ते होते. म्हणजे पक्षाचा पहिला उमेदवारी अर्ज भरण्याच्या सहा वर्षे आधीपासून पैसा आणि वेळ माणसे जोडण्यावर खर्च होत होता.

पहिली निवडणूक हरण्यासाठी, दुसरी हरवण्यासाठी आणि तिसरी जिंकण्यासाठी, असे साहेब उघडपणे सांगत. अनेकांना ती नुसती घोषणा वाटली. प्रत्यक्षात तो हिशेब होता. मायावतींच्या लढती क्रमाने पाहा. १९८४ मध्ये कैराना लोकसभा मतदारसंघात सुमारे ४४ हजार मते, पराभव. १९८५ च्या बिजनौर पोटनिवडणुकीत मीरा कुमार आणि रामविलास पासवान समोर असताना सुमारे ६१ हजार मते, पुन्हा पराभव. १९८७ च्या हरिद्वार पोटनिवडणुकीत सव्वा लाखाच्या आसपास मते आणि दुसरा क्रमांक. १९८९ मध्ये त्याच बिजनौरमधून विजय.

हरिद्वार तेव्हा उत्तर प्रदेशातच होते. हे तिन्ही मतदारसंघ त्या राज्याच्या एकाच पश्चिम पट्ट्यात येतात. उमेदवार तोच, पट्टा तोच. त्यामुळे एका पराभवात झालेला खर्च पुढच्या लढतीत कामी आला. ओळखी टिकल्या, कार्यकर्ते तयार झाले, आपली मते किती आणि कुठे आहेत हे कळले. दर वेळी नवा उमेदवार नव्या जिल्ह्यात उतरवला असता तर प्रत्येक निवडणुकीत शून्यापासून सुरुवात करावी लागली असती.

१९८८ ची अलाहाबाद पोटनिवडणूक तर स्वतः साहेबांनी लढवली. समोर विश्वनाथ प्रताप सिंह होते. साहेबांनी लोकांकडे एक नोट आणि एक वोट मागितले. सुमारे ७० हजार मते मिळाली, क्रमांक तिसरा आला. पण ज्या मजुराने खिशातून नोट काढून दिली, त्याला दुसऱ्याची नोट देऊन विकत घेणे अवघड असते. इथे प्रचाराचा खर्च आणि संघटनेची बांधणी हे एकच काम झाले. १९८९ मध्ये पक्षाचे तीन खासदार आणि उत्तर प्रदेशात १३ आमदार निवडून आले.

कोणी म्हणेल, साहेब १९८९ मध्ये अमेठीत राजीव गांधींविरुद्धही लढले होते, ती कुठे जिंकण्याची जागा होती? बरोबर आहे. देशाचे लक्ष वेधण्यासाठी अशी एखादी लढत लढावी लागते. पण सगळ्याच लढती तशा झाल्या तर चळवळ उरत नाही, फक्त बातमी उरते.

आता महाराष्ट्राकडे या. विधानसभेच्या २८८ जागा आहेत. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला ५ हजार रुपये अनामत भरावी लागते. सगळे उमेदवार अनुसूचित जातीचे धरले तरी नुसत्या अनामतीचे १४ लाख ४० हजार रुपये होतात. एक षष्ठांशापेक्षा जास्त मते मिळाली नाहीत की ती रक्कम जप्त. गाड्या, फ्लेक्स आणि डीजे यांचा खर्च वेगळाच. तोच पैसा वीस निवडक मतदारसंघांत पाच वर्षे लावला तर मतदार नोंदणी होईल, प्रत्येक बूथवर प्रशिक्षित माणूस बसेल, निकालानंतर बूथनिहाय मते तपासता येतील.

साथींनो, पुढच्या वेळी कोणी पावती पुस्तक घेऊन दारात आला तर वर्गणी जरूर द्या. पण तीन प्रश्न विचारा. हा उमेदवार मागच्या वेळी इथेच लढला होता का? हरला तर पुढच्या महिन्यात इथे दिसेल का? आणि मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी या पैशातले काय शिल्लक राहील? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर तो खर्च पराभवापेक्षा महाग आहे.

जय भीम!